चित्रपटावरून केलेला खेळ : 'तो होता' आणि 'मी होतो'

मराठीत 'खेळ' हा शब्द दोन व्यवसायांत सारख्याच सहजतेने वावरतो. चित्रपटगृहाच्या खिडकीशी तीनचा खेळ आणि सहाचा खेळ असतो; कोकणात दशावताराचा खेळ लागतो; आणि अंगणात मुले खेळ खेळतात. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' लागला तेव्हा लोक जे पाहावयास गेले तोही खेळच होता. फरक नामात नाही, त्याच्यापुढे येणाऱ्या क्रियापदात आहे. खेळ पाहतो तो प्रेक्षक, खेळ करतो तो नट किंवा दशावतारी, आणि खेळ खेळतो तो खेळाडू. एखाद्या चित्रपटावरून व्हिडिओ गेम तयार होतो तेव्हा पाहण्याचा खेळ खेळण्याचा करावयाचा असतो. असा खेळ पैसे देऊन विकत घेण्याच्या योग्यतेचा असतो काय, हा प्रश्न वरवर पाहता बाजारातला आहे, आणि बहुधा तो घरातील मुलाच्या हट्टावरून किंवा वेष्टनावरील नटाच्या चेहऱ्यावरून निकालात काढला जातो. वस्तुतः तो रूपांतराचा प्रश्न आहे. कादंबरीचे नाटक आणि नाटकाचा चित्रपट यांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. चित्रपटाच्या खेळाविषयी तितक्या काटेकोरपणे विचार होणे अगत्याचे आहे.

या विचाराला सुरुवात करण्यास पालघर तालुक्यातील दातिवरे हे गाव सोयीचे आहे. वैतरणेच्या मुखाशी, उत्तर तीरावर ते वसले आहे, खाडीपलीकडे अर्नाळा. हा सर्व टापू चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेने (1737–1739) इतिहासात नोंदला गेला. चित्रपटगृहात जाऊन चित्रपट पाहावयाचा तर येथून सफाळे स्थानक गाठून विरारची किंवा पालघरची गाडी धरावी लागते. अशा किनाऱ्यावरच्या मुलाचा भाषाव्यवहार मोठा गुंतागुंतीचा असतो. घरी वाडवळी किंवा मांगेली, शाळेत प्रमाण मराठी, पडद्यावर हिंदी, आणि मोबाइलवरील खेळाच्या सूचना बहुधा इंग्रजी. तथापि चित्रपट पाहून आल्यावर वाळूत जो खेळ सुरू होतो त्याचे व्याकरण तो कोणाकडून शिकत नाही. प्रमाण मराठीत सांगावयाचे तर तो म्हणतो : "मी बाहुबली होतो हं, तू भल्लाळदेव हो."

या वाक्यातील 'होतो' हे रूप जरा थांबून पाहण्यासारखे आहे. 'असणे' याचा भूतकाळ प्रथम पुरुषी एकवचनात 'मी होतो' असा होतो, आणि 'होणे' याचा वर्तमानकाळही 'मी होतो' असाच होतो. स्त्रीलिंगी 'मी होते' आणि अनेकवचनी 'आम्ही होतो' यांतही तीच संदिग्धता आहे. द्वितीय पुरुषात मात्र 'तू होतास' आणि 'तू होतोस' वेगळे पडतात. तृतीय पुरुषात 'तो होता' आणि 'तो होतो' यांची गल्लत होणे शक्यच नाही. दोन्ही रूपांचे मूळ 'भू' या एकाच धातूत आहे हे खरे, परंतु आजच्या भाषेत त्यांच्यातील भेद प्रथम पुरुषापाशी येऊन पुसला जातो, ही घटना लक्षणीय आहे. वाळूतला तो मुलगा आपण बाहुबली होतो असे गतगोष्टीसारखे सांगतो आहे, की या क्षणी आपण बाहुबली बनतो असे जाहीर करतो आहे, याचा निर्णय वैयाकरणाला करता येत नाही. मुलाला तो करण्याची गरज वाटत नाही. त्याच्या खेळाचे सगळे सामर्थ्य त्या अनिर्णयात साठविलेले आहे.

चित्रपट, कथा, इतिहास हे तृतीय पुरुषात चालतात. एमिल बेन्व्हेनिस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने 1946 मध्ये असे प्रतिपादन केले होते की, तृतीय पुरुष हा खऱ्या अर्थाने पुरुषच नव्हे. संभाषणात 'मी' आणि 'तू' हे दोघेच हजर असतात, 'तो' गैरहजर असतो. चित्रपटातील नायक असा गैरहजर आहे. त्याने जे केले ते आपण नसताना करून ठेवले आहे आणि आपण ते पाहतो. खेळात मात्र हातात यंत्र घेतलेला मनुष्य "त्याला मारले" असे म्हणत नाही. तो "मी मेलो" असे म्हणतो, आणि हे वाक्य तासाभरात दहा वेळा उच्चारण्यात त्याला विसंगती भासत नाही. मराठीने या बाबतीत आणखी एक सोय करून ठेवली आहे : तृतीय पुरुषी कर्त्याला 'त्याने मारले' असा 'ने' लागतो, 'मी मारले' यात कर्ता आणि कृत्य यांच्यामध्ये प्रत्ययाचा अडसर नाही. व्याकरणातील योगायोगावर फार भार टाकू नये हे खरे. परंतु चित्रपटावरून खेळ करणे म्हणजे पुरुष बदलणे, एवढे यावरून दिसावे.

आता बाजारात काय विकले जाते ते पाहू. खेळ तयार करणारी संस्था चित्रपटाच्या मालकाकडून परवाना घेते. या परवान्याने तिला पात्रांची नावे मिळतात, चेहरे मिळतात, गाव-शहर, वेशभूषा, संगीत, फार तर कथानकाचा सांगाडा मिळतो. या सर्वांना व्याकरणात नामे म्हणतात. चित्रपटातील क्रियापद परवान्याने मिळत नाही. मिळू शकतच नाही, कारण ते तृतीय पुरुषाचे आहे आणि खेळाला ते प्रथम पुरुषात नव्याने घडवावे लागते. हे काम सावकाशीचे आहे, आणि चित्रपटाच्या प्रदर्शनाची तारीख ते करू देत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. स्टीव्हन स्पिलबर्ग यांचा 'ई.टी.' हा चित्रपट जून 1982 मध्ये प्रदर्शित झाला. त्याच वर्षीच्या नाताळात त्यावरचा खेळ दुकानांत हवा, अशी अटारी या कंपनीची इच्छा. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या रचनाकाराला त्यासाठी अवघे सुमारे पाच आठवडे मिळाले. वॉरशॉ अकुशल नव्हते. परंतु पाच आठवड्यांत नामे गोळा होतात, क्रियापद घडत नाही. खेळाडूने टेलिफोनचे तीन तुकडे शोधावयाचे होते. प्रत्यक्षात त्याचा बहुतेक वेळ खड्ड्यात पडण्यात आणि त्यातून वर येण्यात जाई. कर्ता ई.टी., क्रियापद 'पडणे'! लक्षावधी प्रती न खपता पडून राहिल्या, आणि 1983 मध्ये अटारीने आपला बराच माल न्यू मेक्सिकोतील आलामोगोर्दो येथील कचराभूमीत पुरला. एप्रिल 2014 मध्ये तेथे खणले तेव्हा त्या खेळाच्या प्रतीही मातीतून बाहेर आल्या.

आपल्याकडील उदाहरणांत 'गजिनी' (2008) या हिंदी चित्रपटावरील खेळाचा विचार सविस्तर करावयास हवा, कारण त्यात गमावलेली संधी असामान्य होती. ए. आर. मुरुगदास यांनी 2005 मध्ये आपल्याच तमिळ चित्रपटात मांडलेली ही कथा. तिच्यामागे 'मेमेंटो' (2000) या चित्रपटाची कल्पना. नायकाची स्मृती सुमारे पंधरा मिनिटांपलीकडे टिकत नाही. म्हणून तो छायाचित्रे काढून ठेवतो, चिठ्ठ्या लिहितो, अंगावर गोंदवून घेतो. हैदराबादच्या एफएक्सलॅब्स या संस्थेने चित्रपटाबरोबरच संगणकावरील खेळ काढला. पाच टप्पे, कुस्ती-मुष्टी, शस्त्रे, आणि पंधरा वर्षांवरील खेळाडूंसाठी अशी वितरकांची शिफारस. त्या काळी भारतात या तऱ्हेचा त्रिमित खेळ तयार होणे ही धडपड मोलाची होती, आणि तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

परंतु या चित्रपटाचे क्रियापद कोणते? 'मारणे' हे नव्हे. ते शेकडो चित्रपटांचे आहे. 'गजिनी'चे क्रियापद 'विसरणे' हे आहे, आणि त्याला जोडून येणारे 'लिहून ठेवणे'. 'तो विसरला' हे वाक्य चित्रपटात सहज दाखविता येते. प्रेक्षकाला सारे आठवत असते, नायकाला नसते, आणि या अंतरातून करुणा उत्पन्न होते. 'मी विसरलो' हे मात्र खेळाडूकडून वदवून घेणे अवघड, कारण त्याची स्मृती शाबूत आहे. मग खेळ रचणाऱ्याने काय करावे? दर पंधरा मिनिटांनी नकाशा पुसावा, ओळखीचे चेहरे अनोळखी करावेत, आणि खेळाडूने स्वतः लिहून ठेवलेल्या चिठ्ठीखेरीज त्याला दुसरा आधार ठेवू नये; त्याने चुकीचे लिहिले असेल तर पुढे त्याने चुकीच्याच माणसाच्या मागे लागावे. असे झाले असते तर चित्रपटाने जे दाखविले ते खेळाने भोगावयास लावले असते. पाच टप्प्यांच्या हाणामारीत यातले काहीच संभवत नाही. नायकाच्या छातीवरील गोंदण हे तेथे नाम म्हणून उरते. ते कोणी वाचण्याची आवश्यकता पडत नाही. ज्याला 'गजिनी' आवडला त्याला त्या आवडीखातर हा खेळ घेण्याचे प्रयोजन नव्हते, आणि ज्याला केवळ हाणामारीचा खेळ हवा होता त्याच्यापुढे त्याहून सरस खेळ हजर होते.

'रा.वन' (2011) ची गोष्ट निराळी. येथे चित्रपटाचा विषयच व्हिडिओ गेम आहे : मुलाच्या इच्छेवरून बाप अजिंक्य खलनायकाचा खेळ रचतो आणि तो खलनायक खेळातून बाहेर येतो. 'रा.वन' आणि 'जी.वन' या नावांतील रावण आणि जीवन हा श्लेष कानाला लागतो. लेखनातला टिंब तो लपवितो की दाखवितो हा एक स्वतंत्र विषय होईल. मुंबईच्या ट्राईन गेम्सने प्लेस्टेशनसाठी केलेला खेळ चित्रपटाच्या आधीच, ऑक्टोबरच्या आरंभी, विक्रीस आला. म्हणजे ज्याने तो तत्परतेने घेतला त्याने न पाहिलेल्या चित्रपटाची नामे विकत घेतली. चित्रपटातील बाप आपल्या मुलाला जो खेळ देतो, तो खेळणाऱ्यावर उलटतो. विकत मिळणारा खेळ कोणावरही उलटत नाही. तो जी.वन आणि त्याचे शत्रू यांच्या झुंजीपाशी थांबतो. 'धूम 3' (2013) वर उडुपीच्या नाइन्टीनाइन गेम्सने केलेला मोबाइलवरील खेळ तर फुकट मिळे. त्यात दुचाकी न संपणाऱ्या रस्त्यावर पळवावयाची. मूळ कथेला शेवट आहे, तोही मरणाचा. खेळाला तो नाही. व्याकरणाच्या परिभाषेत पूर्ण क्रियापदाचे अपूर्ण केले गेले. तथापि 'पळणे' हे त्या चित्रपटाचे क्रियापद होते हे मान्य केले पाहिजे, आणि फुकटाच्या मानाने हा व्यवहार 'गजिनी'पेक्षा प्रामाणिक ठरतो.

यावरून चित्रपटावरचा खेळ मुळात टाकाऊच, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. जेम्स बाँडच्या 'गोल्डनआय' (1995) या चित्रपटावर रेअर या ब्रिटिश संस्थेने निंटेंडो 64 या यंत्रासाठी केलेला खेळ 1997 च्या ऑगस्टमध्ये आला, म्हणजे चित्रपटानंतर पावणेदोन वर्षांनी. प्रदर्शनाची तारीख उलटून गेल्यामुळे निर्मात्यांना क्रियापद शोधावयास अवकाश मिळाला. गुप्तहेराचे क्रियापद गोळी झाडणे एवढेच नसते. कोणाच्या ध्यानात न येता शिरणे, काम उरकणे आणि निसटणे हे त्याचे खरे व्यवसाय. काठिण्य वाढविले की शत्रू बळकट होतातच, शिवाय करावयाची कामेही वाढतात. एकाच पडद्याचे चार भाग करून चौघांनी खेळण्याची सोय तर चित्रपटात बीजरूपानेही नव्हती. ऐंशी लाखांहून अधिक प्रती खपलेल्या या खेळाचे चाहते आजही त्या चौघांच्या खेळाची आठवण काढतात.

त्याहून नेमके उदाहरण 'स्पायडर-मॅन 2' (2004) चे आहे. पहिल्या चित्रपटावरील 2002 च्या खेळात नायकाच्या हातून सुटलेला धागा वर आकाशात कोठेतरी, कशालाही न चिकटता, अडकत असे. 2004 च्या खेळात धागा इमारतीलाच चिकटला पाहिजे. इमारत नसेल तर खेळाडू खाली येईल. एवढ्या एका नियमाने 'झोका घेणे' हे क्रियापद खरे झाले. उंची, वेग आणि सुटण्याचा क्षण यांचा हिशोब खेळाडूच्या हाताला करावा लागला. कथानक त्या खेळातही सामान्यच आहे, किंबहुना पुष्कळांनी ते बाजूस ठेवून नुसते मॅनहॅटनभर झोके घेण्यात वेळ घालविला. कलाकृतीचा विचार तिच्या माध्यमापासून तोडून करता येत नाही, हा मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारातील आग्रह येथे स्मरतो. खेळाचे माध्यम चित्र नाही, नियम आहे. आकाशाला चिकटणारा धागा आणि इमारतीला चिकटणारा धागा चित्र म्हणून जवळजवळ सारखेच दिसतात.

येथे एक शंका उपस्थित होण्याचा संभव आहे. ग्राहक इतका चिकित्सक नसतो. त्याला आवडत्या चित्रपटाच्या सहवासात आणखी थोडा काळ राहावयाचे असते, आणि त्यासाठी नामे पुरतात. घरात चित्रपटाचे भित्तिपत्रक लावणारा मनुष्य त्याकडून क्रियापदाची अपेक्षा करीत नाही. ही शंका निराधार नाही. परंतु भित्तिपत्रक एकदा लावले की गप्प राहते. खेळ तसा राहत नाही. चित्रपटातील जो संवाद एकदाच, योग्य क्षणी, उच्चारला गेल्यामुळे मनात राहिला, तोच खेळात प्रत्येक ठोशागणिक ऐकावा लागतो. पुनरुक्तीने वाक्याचा अर्थ झिजतो आणि शेवटी नुसता नाद उरतो. अशा रीतीने वाईट खेळ मूळ चित्रपटाच्या आठवणीलाही डाग लावतो. सहवासाची हौस असेल त्याने चित्रपट पुन्हा पाहावा. त्याचा खर्चही कमी येतो.

दातिवऱ्याच्या वाळूतील खेळ हा या बाजाराचा खरा प्रतिस्पर्धी आहे, हे विक्रेत्यांच्या ध्यानात येत नाही. तेथे नामांना परवाना लागत नाही आणि क्रियापद मुले स्वतःच्या अंगाने घडवितात. विकत घेतलेल्या खेळाने त्यापेक्षा काहीतरी अधिक दिले पाहिजे. तानाजी मालुसऱ्यांचे उदाहरण घेऊ. 2020 मध्ये 'तान्हाजी' हा चित्रपट आल्यावर महाराष्ट्रातील कोणत्याही पडक्या कोटावर मुलांनी कोंढाणा सर केला असेल. या कथेचे पहिले क्रियापद 'चढणे' हे आहे, आणि चांगला खेळ कड्याची खाच, दोराचा ताण, अंधार यांचे नियम बांधून ते वाळूपेक्षा किती तरी सरस देऊ शकेल. पण कथेचे दुसरे क्रियापद अधिक कठीण आहे. तानाजी पडल्यावर मावळे मागे फिरू लागतात तेव्हा सूर्याजी दोर कापून टाकतो, अशी परंपरागत कथा. परतीची वाट नाही, हा त्या कृत्याचा अर्थ. ज्या खेळात मेल्यावर पुन्हा पहिल्यापासून आरंभ करता येतो, त्यात 'मी दोर कापला' या वाक्याला काय अर्थ उरेल? तेथे दोर प्रत्येक वेळी पुन्हा सांधला जातो. तो न सांधण्याचे धैर्य दाखविणारा, म्हणजे खेळाडूने एकदा दोर कापला की मागचा टप्पा त्याला कायमचा बंद करणारा खेळ कोणी रचला, तर तो जरूर विकत घ्यावा. वाळूतही मुलांना घरी जावयाची हाक येते आणि खेळ मोडतो. तेथील शेवट निदान बाहेरून तरी येतो.

उरला 'विकत घेणे' या शब्दप्रयोगाचा प्रश्न. बाजारातून आणलेली वस्तू आपली झाली, तिचे काय करावयाचे ते आपण ठरवू, असा या शब्दांचा रूढ अर्थ आहे. तबकडीच्या रूपात घेतलेल्या खेळाला तो बराचसा लागू पडे. ती शेजाऱ्याला देता येई, जुन्या बाजारात विकता येई. आता आंतरजालावरून उतरवून घेतलेल्या खेळात बहुधा वापराची परवानगी तेवढी मिळते. चित्रपटावरील खेळाच्या बाबतीत ही परवानगी दुहेरी पराधीन असते, कारण खेळ करणाऱ्याचाच परवाना चित्रपटाच्या मालकाकडून मुदतीने आलेला असतो. 'स्कॉट पिलग्रिम' या चित्रपटाच्या निमित्ताने 2010 मध्ये आलेला खेळ डिसेंबर 2014 मध्ये विक्रीतून नाहीसा झाला आणि थेट जानेवारी 2021 मध्ये परत आला. मधल्या सहा वर्षांत पैसे हातात घेऊन आलेल्या ग्राहकालाही तो मिळत नव्हता. 'गोल्डनआय'सारखा गाजलेला खेळही हक्कांच्या गुंत्यामुळे नव्या यंत्रांवर येण्यास जानेवारी 2023 उजाडावा लागला. म्हणून ज्या खेळाने क्रियापद कमावले आहे तो मिळेल तेव्हा, आणि शक्य तर तबकडीवर, घ्यावा. बाकीच्यांसाठी थांबण्याने काही बिघडत नाही. चित्रपट उतरला की त्यावरील खेळाची किंमतही लवकर उतरते, आणि तोवर कोणातरी परिचिताच्या घरी तो अर्धा तास खेळून पाहता येतो. त्या अर्ध्या तासात खेळणाऱ्याच्या तोंडून "तो" निघतो की "मी", एवढे ऐकले तरी पुरे.